चार दारांची प्लिमथ: घरच्यांसाठी हॉट रॉड शोधताना

ओहायोतल्या कोलंबसहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. घरात नवरा-बायको आणि 9 व 4 वर्षांची दोन मुलं. गॅरेजमध्ये एका गाडीची जागा मोकळी. ब्रेक, ऑइल, अल्टरनेटर ही कामं हातची आहेत, वेल्डिंग येत नाही. एकूण 20,000 डॉलर, तेही दोन-तीन वर्षांत हळूहळू घालायचे. मनात 1932 ची फोर्ड आहे. सगळ्या घराला बसता येईल असा हॉट रॉड, म्हणजे फेरफार करून वेगवान केलेली जुनी गाडी, करायला परवडणारी जुनी गाडी कुठे आणि कशी शोधावी? जाता जाता आणखी एक: सांगलीला वडिलांकडे जुनी फियाट आहे, तिचंच काही करता येईल का?

सांगलीचं आधी सांगतो, कारण ते उत्तर छोटं आहे. फियाटला हात लावू नका. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून गाडी बदलता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ते आणखी स्पष्ट केलं. उलट 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. म्हणजे तिथे जुन्या गाडीचा मान मूळपणाला आहे. वडिलांची फियाट आहे तशी नीट चालती ठेवा, कागद जपा. हॉट रॉड इथे अमेरिकेतच करा, ही त्याची जन्मभूमी आहे.

आता मुख्य प्रश्न. मी दक्षिण मिशिगनमध्ये गेली 26 वर्षं हे काम फावल्या वेळात करतोय. माझ्या हातून चार गाड्या पूर्ण झाल्या आणि एक अर्ध्यात विकावी लागली. त्या अर्धवट गाडीबद्दल पुढे सांगतोच.

1932 च्या फोर्डचा मोह मला कळतो. त्या वर्षी फोर्डने सर्वसामान्यांना परवडेल असं व्ही-8 इंजिन दिलं, 221 घन इंच आणि 65 अश्वशक्तीचं. दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं मडगार्ड काढून, गाडी हलकी करून म्युरॉक, एल मिराजच्या कोरड्या तळ्यांवर पळवायची. हॉट रॉडचं जे चित्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येतं, ते त्या गाडीचं आहे. म्हणूनच ती तुमच्यासाठी नाही. मूळ पत्र्याच्या रोडस्टरचं, म्हणजे तिच्या उघड्या मॉडेलचं, नावच घेऊ नका. नव्याने दाबून बनवलेली नुसती बॉडी घेतली तरी तुमचे बहुतेक पैसे तिथेच संपतील. आणि रोडस्टरमध्ये दोघं बसतात. मुलांना मागच्या उघड्या रंबल सीटवर बसवणार? चार वर्षांच्या पोराला?

या छंदात दोन दारांच्या गाड्यांची किंमत आणि चार दारांच्या गाड्यांची किंमत यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. फोर्डने तर आपल्या सेडानना 'ट्यूडर' आणि 'फोरडोर' अशी नावंच दिली होती. रॉड बांधणाऱ्यांना कायम दोन दारांची लांब, सलग रेषा हवी असते, त्यामुळे कित्येक वर्षं चार दारांच्या गाड्या सुट्या भागांसाठी फोडल्या गेल्या. आजही तेच मॉडेल, तेच वर्ष, तीच अवस्था असताना चार दारांची गाडी निम्म्यात किंवा त्याहून कमी किमतीत मिळालेली मी पाहिली आहे. आणि तुम्हाला नेमकी तीच हवी आहे. मागचं दार उघडून मुलाला सीटमध्ये बांधता येतं, पुढची सीट दुमडून पाठ मोडावी लागत नाही. दोन दारांच्या मधला खांब जिथे हवा तिथे असल्यामुळे पुढच्या सीटच्या खांद्याचा पट्टा नीट बसवता येतो. बाजार ज्याला उणेपण म्हणतो ती तुमची सोय आहे, हे एकदा मनाशी पक्कं केलं की शोध एकदम सोपा होतो.

पण कोणती चार दारांची? इथे माझं ठाम मत आहे: 1939 ते 1954 मधली क्रायस्लर घराण्यातली गाडी. प्लिमथ आधी, मग डॉज, मग डिसोटो. फोर्ड आणि शेव्हरोलेच्या मागे सगळे लागतात, या बिचाऱ्या गोठ्यांत आणि शेतांच्या कडेला उभ्या असतात. स्वस्त असतात म्हणून मी हे सुचवत नाही. घरी, साध्या हत्यारांनी काम करणाऱ्या माणसाला याच गाड्या सगळ्यात जास्त साथ देतात.

कारणं तपशिलात सांगतो. 1948 पर्यंतच्या फोर्डला पुढे-मागे आडवे पाटे (लीफ स्प्रिंग) आणि पुढे अखंड ॲक्सल आहे. शिवाय इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा प्रोपेलर शाफ्ट एका बंद नळीत आहे आणि ती नळी ॲक्सलला पक्की जोडलेली. शेव्हरोलेची ही बंद नळी 1954 पर्यंत टिकली. तिथे मागचा ॲक्सल बदलायचा म्हटलं की सगळी मागची रचना नव्याने उभी करावी लागते, म्हणजे वेल्डिंग आलं आणि वेल्डरचं बिल आलं. प्लिमथला मात्र मागे दोन लांब उभे पाटे आणि उघडा शाफ्ट, अगदी पुढच्या काळातल्या साध्या गाडीसारखे. 1939 पासून पुढच्या चाकांना स्वतंत्र कॉइल स्प्रिंगचं सस्पेन्शन आहे. हायड्रॉलिक ब्रेक तर प्लिमथला 1928 च्या पहिल्या मॉडेलपासून आहेत. फोर्डला ते यायला 1939 उजाडलं. म्हणजे जी कामं फोर्डवाल्याला हजारो डॉलर घालून करावी लागतात, त्यातली निम्मी कारखान्यानेच तुमच्यासाठी करून ठेवली आहेत. पुढच्या मूळ सस्पेन्शनवर बसणारे डिस्क ब्रेकचे जोड मिळतात, सगळा पुढचा भाग कापून नवा क्रॉसमेंबर (चॅसिसचा आडवा दांडा) घालायची गरज नाही.

एक गंमत तर बघा. या प्लिमथच्या चाकांचे पाच बोल्ट साडेचार इंचांच्या वर्तुळावर आहेत. फोर्ड एक्सप्लोररचंही मोजमाप तेच. 1995 ते 2001 च्या एक्सप्लोररचा मागचा ॲक्सल डिस्क ब्रेकसकट जंकयार्डमध्ये दोन-चारशे डॉलरला मिळतो, रुंदीही जवळपास जुळते. पाट्यांच्या बैठका तेवढ्या वेल्ड करून घ्याव्या लागतात, तेवढं काम बाहेरून करून घ्या. मूळ ॲक्सलला निमुळत्या टोकावर घट्ट बसलेले ड्रम असतात, ते काढायला जाडजूड पुलर लागतो आणि भरपूर चिकाटी. ॲक्सल बदलला की ती कटकट कायमची जाते. अजून एक, पहिल्याच दिवशी उपयोगी पडेल असं: या गाड्यांच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. हे माहीत नसलेल्या कितीतरी लोकांनी लांब पाइप लावून ते बोल्ट तोडले आहेत.

प्लिमथ, डॉज, डिसोटो ही नावं मराठी घरांत परकी नाहीत, हाही माझ्यासाठी छोटा जिव्हाळा आहे. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात याच गाड्या जुळवल्या. मी 1948 ची प्लिमथ घरी आणली तेव्हा मुलुंडहून आलेले माझे सासरे बॉनेटवरचं शिडाचं जहाज हाताने पुसत बराच वेळ उभे होते. तरुणपणी ते कुर्ल्यालाच कामाला होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता ते माझ्या आधी गॅरेजमध्ये हजर. त्या उन्हाळ्यात आम्ही दोघांनी मिळून तिचे चारही दरवाजे खोलले.

आता त्या अर्धवट गाडीबद्दल. माझी पहिली खरेदी 1935 ची शेव्हरोले होती. ताजा लाल रंग, चकाचक, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू. घरी आणून दार उघडून जरा वर उचललं तर ते दोन बोटं वर आलं. त्या काळातल्या जनरल मोटर्सच्या (जीएम, शेव्हरोलेची मूळ कंपनी) गाड्यांत पत्र्याच्या आत लाकडी सांगाडा असे. माझ्या गाडीत त्या लाकडाचा भुगा झाला होता आणि दारं नुसत्या पत्र्यावर आणि पुट्टीवर तोलून धरलेली होती. सुतारकाम करणारा माणूस असेल तर ते लाकूड नवं करता येतं. मला येत नव्हतं. दीड वर्ष आणि बरेच पैसे घालून शेवटी ती विकली. तेव्हापासून माझा नियम आहे: 1936 पर्यंतची जीएमची कुठलीही गाडी सुताराच्या नजरेनेच पाहायची. 1937 पासून त्यांनी पूर्ण पोलादी बॉडी आणली, तिथून पुढे ही भीती नाही.

त्या फसवणुकीने एक गोष्ट मला कायमची शिकवली. विकणारा नेहमी इंजिनाचं कौतुक करतो, आणि हॉट रॉडसाठी गाडी घेताना इंजिन ही सगळ्यात बिनमहत्त्वाची गोष्ट असते, कारण ते बदलता येतं. चांगलं चालतं इंजिन गिअरबॉक्ससकट अपघातात सापडलेल्या शेव्हरोले पिकअपमधून मिळतं. 1999 नंतरची 5.3 लिटरची लोखंडी व्ही-8 इंजिनं जंकयार्डमध्ये ढिगाने आहेत. पण चार दारांच्या डिसोटोची मागच्या दाराची क्रोम पट्टी, पुढची जाळी, बंपरची टोकं, वाकलेली काच हे शोधायला वर्षं जातात. दोन दारांच्या गाडीची पट्टी चार दारांना लागत नाही. जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग एकदा फोडासारखे उठले की त्यांच्यावर पुन्हा क्रोम चढवणं फार महाग पडतं. म्हणून गाडी पाहायला गेलात की आधी बॉनेट उघडू नका. गाडीभोवती फिरा आणि काय नाही ते लिहून काढा. सपाट काच चिंता करण्यासारखी नाही, कुठलाही काचवाला साच्यावरून कापून देतो. वाकलेली असेल तर ती शाबूत आहे का, हे गाडीच्या किमतीइतकंच महत्त्वाचं.

मग गंज. तुम्ही आणि मी दोघंही मिठाच्या पट्ट्यात राहतो. हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेल्या मिठाने इथल्या गाड्या खालून खाल्ल्या आहेत. त्यामुळे शोध पश्चिमेला न्या: नेब्रास्काचा पश्चिम भाग, कॅन्सस, पूर्व कोलोरॅडो, न्यू मेक्सिको, ॲरिझोना. माझी प्लिमथ पश्चिम नेब्रास्कातल्या एका शेतातून 3,800 डॉलरला आली, वर वाहतुकीचे 900. इथे मिशिगनमध्ये तेवढ्या पैशांत जी गाडी मिळाली असती तिचा फ्लोअर मला पूर्ण नवा घालावा लागला असता. वाहतुकीचा खर्च पाहून लोक बिचकतात. मी तो वेल्डरचं वाचलेलं बिल म्हणून धरतो. वाळवंटातल्या गाडीची रबरं, सीटचं कापड, रंग सगळं उन्हाने गेलेलं असतं. जाऊ द्या, ते तुम्ही बदलणारच आहात.

सोबत एक लहान चुंबक घ्या, पातळ कापडात गुंडाळलेला. जिथे तो चिकटत नाही तिथे पुट्टी आहे. दारांखालची लांब पेटी, मागच्या चाकामागचा खालचा कोपरा, डिकीचा तळ, काचेखाली वाइपरच्या बाजूचे कोपरे, आणि बॉडी जिथे चॅसिसवर बोल्टने बसते त्या जागा, एवढं तरी तपासा. एखाद्या जागी स्क्रूड्रायव्हर हलकेच दाबा. पत्रा आत गेला तर मालकाला दाखवा आणि भाव करा. सगळ्यात बोलकी परीक्षा दारांच्या फटींची. दार बंद असताना वरची आणि खालची फट सारखी आहे का पाहा. मग मालकाच्या परवानगीने एका बाजूच्या चॅसिसखाली जॅक लावून गाडी थोडी उचला. फट बदलली किंवा दार अडकायला लागलं तर खालचा सांगाडा कमकुवत झालेला आहे, अशी गाडी वेल्डिंग न येणाऱ्याने घेऊ नये. आणि उंदरांची घाण असेल तर मास्क-हातमोजे घातल्याशिवाय सीट उचलू नका. पश्चिमेकडच्या रानउंदरांमुळे हंटाव्हायरसचा धोका खरा आहे.

कागद. याबाबतीत मी कुणाचंही 'नंतर बघू' ऐकून घेत नाही. गाडीच्या ओळखीसाठी 17 अंकी-अक्षरी क्रमांकाची पद्धत अमेरिकेत 1981 च्या मॉडेलपासून आली. त्याआधी प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी. शिवाय काही राज्यांत त्या काळी टायटल (मालकीचा सरकारी कागद) इंजिनच्या क्रमांकावर दिलं जाई. 1946 ते 48 च्या प्लिमथचा खरा अनुक्रमांक डाव्या पुढच्या दाराच्या बिजागरीच्या खांबावरच्या पट्टीवर असतो आणि इंजिनचा क्रमांक ब्लॉकवर वेगळा. टायटलवर कुठला आहे ते पैसे देण्याआधी स्वतः पडताळून पाहा. टायटल इंजिनच्या क्रमांकावर असेल तर ते तुमच्या नावावर, गाडीच्या क्रमांकाने, नीट झाल्याशिवाय जुनं इंजिन विकू किंवा भंगारात देऊ नका. माझ्या ओळखीच्या एकाने ते दिलं आणि पुढे गाडी त्याचीच आहे हे सिद्ध करण्यात त्याचा एक अख्खा उन्हाळा गेला. 'टायटल नाही, पण बिल ऑफ सेल (नुसती विक्रीची पावती) देतो' म्हणणाऱ्याची गाडी कितीही गोजिरी असली तरी पहिल्या खरेदीत नको.

शोधायचं कुठे? ऑनलाइन बाजारात सगळेच पाहतात, तुम्हीही पाहा, पण 'हॉट रॉड' हा शब्द टाकून शोधू नका. तो शब्द जाहिरातीत आला की किंमत वाढलेलीच असते. 'प्रोजेक्ट', 'आजोबांची गाडी', 'पार्ट्स कार' असे शब्द टाका, प्लिमथचं स्पेलिंग चुकवूनही टाका. शेतांचे लिलाव आणि घर आवरताना होणाऱ्या इस्टेट विक्रीकडे लक्ष ठेवा. ऑक्टोबरमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीला आणि जुलैमध्ये विस्कॉन्सिनमधल्या आयोलाला मोठे बाजार भरतात. तुमच्याच कोलंबसला जुलैमध्ये गुडगाइज या हॉट रॉडवाल्यांच्या संघटनेचा मेळा असतो, तिथे मुलांना घेऊन जा. शेवटच्या दिवशी दुपारी विक्रीच्या रांगेत फिरा, गाडी परत न्यायचा कंटाळा आलेला माणूस मोकळेपणाने बोलतो. आणि लोकांना नुसतं सांगत राहा. माझ्या दोन गाड्या मला टायरवाल्याने सुचवल्या.

सगळ्यात चांगला सौदा म्हणजे दुसऱ्याचं अर्ध्यात थांबलेलं काम, पण अटीवर: गाडी एकसंध उभी असली पाहिजे. खोक्यांतली गाडी घेऊ नका. कुठल्या खोक्यात काय हरवलं आहे हे ज्याने खोललं त्यालाच माहीत असतं, कधी त्यालाही नसतं.

तुमच्या 20,000 चा हिशेब मी असा मांडीन. गाडी घरी येईपर्यंत 6,000. पहिल्या हिवाळ्यात ब्रेक, दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर, नव्या ब्रेक लाइन्स, टायर, 12 व्होल्टची नवी वायरिंग, सीटचे पट्टे, यासाठी 5,000. मूळ गाडीला ब्रेकचा एकच मार्ग असतो, कुठेही एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. मुलं बसणार असतील तर हे काम इंजिन, रंग, आवाज या सगळ्याच्या आधी. पट्ट्यांसाठी फ्लोअरच्या खालून जाड पोलादी पत्रे लावा आणि पट्ट्यांसोबत येणारे 7/16 इंची कडक बोल्टच वापरा. बूस्टर सीटला कमरेचा आणि खांद्याचा, दोन्ही पट्टे लागतात. नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर बूस्टर कधीही नाही. मागे खांद्याचा पट्टा बसवायची जागा आणि धाकट्याच्या सीटचा वरचा पट्टा अडकवायची जागा वेल्डरकडूनच मजबूत करून घ्या. 1930-40 च्या कित्येक सेडानची मागची दारं मागच्या बाजूने बिजागरीवर आहेत, वाऱ्याच्या दिशेने उघडणारी. तशी गाडी आवडली तर जुनी कुलपं काढून दुहेरी जबड्याची नवी बसवा, आतून मुलांना उघडता येणार नाहीत अशी.

उरलेले 9,000 लगेच व्ही-8 वर घालू नका. प्लिमथमध्ये ते बसतं, पण स्टीअरिंगचा बॉक्स आणि डाव्या बाजूचा एक्झॉस्ट दोघांना एकच जागा हवी असते, आणि त्या भांडणात नवख्या माणसाचे महिने जातात. 1946 ते 48 च्या प्लिमथचं मूळ सहा सिलिंडरचं 218 घन इंची इंजिन 95 अश्वशक्तीचं आहे. त्याला दोन कार्बुरेटर आणि दुभागलेला एक्झॉस्ट लावणं हाही अस्सल हॉट रॉडच आहे, अगदी युद्धानंतरच्या पोरांनी केला तसा, आणि त्याचा आवाज कुठल्याही व्ही-8 पेक्षा मला जास्त गोड वाटतो. एक्सप्लोररचा ॲक्सल आला की हायवेला गिअरचं प्रमाणही सुधारतं. दोन उन्हाळे तसे चालवा. मग व्ही-8 हवंच वाटलं तर तेव्हा घाला, तोवर गाडी तुम्हाला कळलेली असेल.

विमा 'मान्य किमती'चा घ्या, म्हणजे गाडी गेली तर कागदावर ठरलेली रक्कम मिळते. कंपन्या बंद गॅरेज आणि मर्यादित वापर मागतात, ते तुमच्याकडे आहेच. काम चालू असतानाही विमा सुरू ठेवा. माझ्या शेजारच्याचं गॅरेज जळालं तेव्हा त्याची गाडी ठोकळ्यांवर होती.

एखादी गाडी नजरेत भरली की मला चार फोटो पाठवा: डाव्या दाराच्या खांबावरची पट्टी, टायटल, डिकीचा तळ, आणि चारही दारांच्या फटी बाजूने. समोरून काढलेला सुंदर फोटो नको. नोव्हेंबरमध्ये पहिला बर्फ पडायच्या सुमारास लोकांना गॅरेज रिकामं हवं असतं, तेव्हा पैसे हाताशी ठेवा, आणि उलट्या आट्यांची खूण म्हणून डाव्या चाकांवर खडूने बाण काढायला मुलांना लावा.